मुंबई–पुणे पाऊण तासात? आधी बोरघाटाला विचारू



गेल्या महिन्यात वडोद्याहून एका श्रोत्यांचा फोन आला. मूळ घराणं साताऱ्याकडचं, पण तीन पिढ्या वडोद्यात. म्हणाले, "सर, आमच्याकडे बुलेट ट्रेनचे खांब उभे राहिलेत. अहमदाबाद आमच्यापासून शंभर किलोमीटर. मुलगा म्हणतो, आता नोकरी तिकडे आणि घर इकडेच. खरंच असं होईल का हो? तुम्ही इतिहासवाले, तुम्ही सांगा."

मी म्हटलं, इतिहासवाल्याला मागचं विचारा, पुढचं विचारू नका. पण फोन ठेवला तरी प्रश्न डोक्यातून जाईना. कारण जवळच्या दोन शहरांमध्ये वेगवान रेल्वे परवडेल का, चालेल का, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. गेली पावणेदोनशे वर्षं तो वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेलाय, आणि त्याची बरीचशी उत्तरं एका घाटात पडून आहेत. बोरघाटात. इंग्रजांच्या कागदांत त्यालाच भोर घाट म्हणतात. तर आज आपण मुंबई–पुणे या जोडीबद्दल बोलू. इंदूर–भोपाळ, बंगळूरु–म्हैसूर, बेळगाव–हुबळी अशा जोड्यांमध्ये राहणाऱ्या मंडळींनी आपापली गावं त्यात घालून ऐकावं.

सुरुवात घरातून करतो. माझे बाबा पुण्यातल्या नारायण पेठेत राहून मुंबईत फोर्टात नोकरी करायचे. सतरा वर्षं. डेक्कन क्वीनचे पासधारक. त्यांना एक खोड होती, खिशातल्या छोट्या वहीत रोजच्या वेळा लिहायच्या. त्या वह्या माझ्याकडे आहेत. पान कुठलंही उघडा: घर सहा वीस, स्टेशन सहा पन्नास, गाडी सव्वासात, व्हीटी दहा पंचवीस, खुर्ची दहा चाळीस. संध्याकाळी उलट, आणि घरी पोचायला नऊ. पावसाळ्याच्या पानांवर मात्र वेगळे शब्द येतात. "ठाकूरवाडी, थांबलो." "मंकी हिल, दरड." एका पानावर फक्त "घाट" एवढंच लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय.

लहानपणी मला वाटायचं, गाडी जोरात पळाली की बाबा लवकर घरी येतील. वह्या नीट वाचल्या तेव्हा कळलं की गाडीचं पळणं हा त्या दिवसाचा एक तुकडा होता. बाकीचे तुकडे सायकलचे होते, फलाटावरच्या वाट पाहण्याचे होते, आणि कर्जत ते लोणावळा या अठ्ठावीस किलोमीटरांचे होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता मागे जाऊ. १८३० पर्यंत बोरघाटातून चाकाचं वाहन सुखानं जात नव्हतं. माल बैलांच्या पाठीवर, माणसं पायी, घोड्यावर नाहीतर पालखीत. सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, नोव्हेंबर १८३० मध्ये, घाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबई–पुणे प्रवासातली ही पहिली मोठी बचत. ती कशानं झाली? बैल जोरात धावायला लागले म्हणून नाही. घाटाच्या पायथ्याशी गाडी सोडायची आणि माथ्यावर दुसरी शोधायची, हे थांबलं म्हणून.

पुढे रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यापुढचं फारसं कुणी सांगत नाही. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोचले, १८५६ मध्ये खोपोलीला. आणि जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. म्हणजे बघा, खाली खोपोलीपर्यंत रेल्वे, वर खंडाळ्यापासून रेल्वे, आणि मधे डोंगर. जवळजवळ पाच वर्षं लोकांनी असा प्रवास केला. खोपोलीला उतरायचं, पालखी किंवा तट्टू किंवा बैलगाडी ठरवायची, सामानावर डोळा ठेवत घाट चढायचा, आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचं. दोन्हीकडची इंजिनं त्या काळच्या मानानं झकास पळत होती. पण प्रवास कितीचा, हे ठरवत होता मधला घाट.

तो घाट जोडण्याचं काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्याकडे होतं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण बोगद्यांचे आकडे सगळे सांगतात आणि माणसं राहून जातात. आकडेही सांगतो. सुमारे पंचवीस किलोमीटरची चढण, एकूण उंची १८३१ फूट, पंचवीस बोगदे, सर्वांत कडक चढ एकास सदतीस. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या भाषेत ही जवळजवळ भिंतच. १८६१ मध्ये या कामावर एका वेळी बेचाळीस हजारांपर्यंत मजूर होते. त्या काळच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी वस्ती डोंगराच्या कडेला, उघड्यावर. कॉलरा आला तेव्हा झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या झाल्या. बोगदे मोजले, कमानी मोजल्या, पण मेलेल्या मजुरांची नीट गणती कुणी ठेवली नाही.

पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीवरून तिथे दंगा झाला, मजुरांनी गोऱ्या अधिकाऱ्यांवर हल्ला केला. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी काम सोडलं. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच वारले. मग त्यांच्या पत्नीनं, ॲलिस ट्रेडवेल यांनी, ते कंत्राट स्वतःच्या नावावर घेतलं आणि अभियंते नेमून काम पुरं केलं. १८५९ साली, सह्याद्रीत, एका बाईनं. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नाव नाही. बर्कलींनीही पुरा झालेला घाट पाहिला नाही, १८६२ मध्ये इंग्लंडात त्यांचा मृत्यू झाला. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

घाटात शिंगरोबाचं देऊळ आहे, जुन्या रस्त्यानं जाणारे ड्रायव्हर आजही तिथे नाणं टाकतात. शिंगरोबा नावाच्या धनगरानं इंग्रजांना वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. सरकारी दप्तरात तिला आधार सापडत नाही. पण वाट दाखवणाऱ्याला काय मिळालं ही आठवण लोकांनी देवळात जपली, हे मला त्या हरवलेल्या गणतीचंच उत्तर वाटतं.

आणि पैसा? कंपनीला सरकारनं पाच टक्के परताव्याची हमी दिली होती. गाडी फायद्यात चालो न चालो, लंडनच्या भागधारकाला पाच टक्के मिळणार, आणि कमी पडतील ते हिंदुस्थानच्या महसुलातून. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या वर्तुळातले गणेश व्यंकटेश जोशी यांनी या खर्चाची कसून चिकित्सा केली. त्यांचा मुद्दा असा की हा खर्च म्हणजे हिंदुस्थाननं इंग्लंडच्या उद्योगाला केलेली मदत आहे. रेल्वे नको, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. बिल कुणाच्या नावावर फाटतंय ते बघा, असं होतं.

१८६३ च्या घाटात एक उणीव मात्र राहिली होती. खंडाळ्याच्या खालच्या अंगाला डोंगर इतका अंगावर येत होता की गाडीला वळायला जागाच नव्हती. तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आत जायची, थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि गाडी उलट्या दिशेनं वर निघायची. प्रत्येक गाडीला हे करावं लागे, पासष्टेक वर्षं. १९२० च्या दशकाच्या शेवटी नवे बोगदे काढून ते स्टेशन वगळलं, त्याच सुमारास, १९२९ मध्ये, पुण्यापर्यंत विजेचं इंजिन आलं, आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली. पावणेतीन तासांच्या आसपास मुंबई–पुणे.

आता गंमत बघा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर वंदे भारत सुरू झाली. चकचकीत गाडी, मोटारी डब्यांखालीच, त्यामुळे घाट चढताना मागून ढकलायला बँकर इंजिन लागत नाही. कर्जतचा बटाटेवडा खायला मिळत नाही, एवढाच तोटा. ही गाडी मुंबई–पुण्याला किती वेळ घेते? तीन तास. नव्वद वर्षांनंतर आपण १९३० च्या मागे आहोत! गाडी कमी जोरकस आहे का? अजिबात नाही. पण तिला कल्याणपर्यंत लोकलच्या गर्दीतून वाट काढायची आहे, आणि घाटातली वळणं बर्कलींच्या काळातल्या डोंगराचीच आहेत. ताशी एकशेसाठ धावू शकणारी गाडी तिथे ताशी किती धावते हे विचारू नका.

म्हणून रेल्वेच्या हातून हा प्रवास निसटला आणि रस्त्याकडे गेला. तसा तो आधीच निसटायला लागला होता. १९८२ च्या दिल्लीतल्या एशियाडसाठी घेतलेल्या बसगाड्या नंतर एसटीकडे आल्या आणि दादर–पुणे मार्गावर धावल्या. पुढच्या सगळ्या निमआराम बसचं नावच "एशियाड" पडलं. आमच्या घरी अजून कुठलीही हिरवी बस दिसली की आई एशियाड म्हणते. मग २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग पुरा झाला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. त्यातही घाट उरलाच, म्हणून खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंक. एकोणीस किलोमीटरचा फेरा सव्वातेरा किलोमीटरवर आणायचा, त्यासाठी दोन बोगदे, त्यातला एक जवळजवळ नऊ किलोमीटरचा. म्हणजे रस्तेवाल्यांनाही शेवटी तेच कळलं. वेळ सपाटीवर वाचत नाही, डोंगरात वाचतो.

मधल्या काळात आणखी एक प्रकरण झालं. तुम्ही विसरला असाल, मी विसरलेलो नाही. फेब्रुवारी २०१८, मुंबईत मॅग्नेटिक महाराष्ट्र. व्हर्जिन हायपरलूप वन या कंपनीशी राज्याचा करार. निर्वात नळीतून डबा सोडायचा, मुंबई–पुणे पंचवीस मिनिटांत. २०१९ मध्ये राज्य सरकारनं त्याला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. खर्चाचा आकडा सत्तर हजार कोटींचा. जगात तेव्हा असा एकही मार्ग प्रवासी घेऊन चालत नव्हता. २०२३ च्या शेवटी ती कंपनीच बंद झाली. मी त्या वेळी एका व्याख्यानात थोडी शंका काढली होती, तर पहिल्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "सर, १८५३ मध्येही लोक असंच हसले असतील." बरोबर आहे, काही हसले असतील. पण १८५३ मध्ये इंग्लंडात वीस-पंचवीस वर्षं गाड्या धावत होत्या. बर्कली प्रयोग करायला आले नव्हते, चालणारी वस्तू डोंगरावर चढवायला आले होते.

म्हणून चालणाऱ्या वस्तूंकडे बघू. जपान आधी, पण थोडक्यात. १ ऑक्टोबर १९६४ ला तोक्यो ते ओसाका शिंकान्सेन सुरू झाली. ५१५ किलोमीटर, ताशी २१०. आधी साडेसहा तास लागायचे, सुरुवातीला चार तासांवर आले, वर्षभरात तीन तास दहा मिनिटांवर. हे सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे. जुना तोकाइदो मार्ग गाड्यांनी तुडुंब भरला होता, आणखी गाडी घालायला जागा नव्हती. नवीन रूळ टाकायचेच होते, तर ते सरळ आणि वेगवान टाकू, असा तो निर्णय होता. त्यासाठी रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिन्जी यांनी खर्च आधी कमी दाखवला असं मानलं जातं. तो जवळजवळ दुपटीवर गेला आणि १९६३ मध्ये त्यांना जावं लागलं. मुख्य अभियंता शिमा हिदेओही गेले. उद्घाटनाला दोघांनाही बोलावलं नव्हतं.

पण तोक्यो–ओसाका ही जोडी मुंबई–पुण्यासारखी नाही, ती मुंबई–अहमदाबादसारखी आहे. आपल्याला हवं शेजारचं उदाहरण. दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, आणि मधे डोंगर. असं एक आहे, जर्मनीतलं कोलोन आणि फ्रँकफर्ट. योगायोग असा की हा मार्गही २००२ मध्येच सुरू झाला, आपल्या द्रुतगती महामार्गाच्या वर्षी. जुनी रेल्वे ऱ्हाईन नदीच्या काठानं वळणं घेत जायची, फार सुंदर आणि फार हळू. नवीन मार्ग टेकड्यांमधून सरळ काढला, सुमारे १८० किलोमीटर, ताशी तीनशेपर्यंत. चढ किती? एकास पंचवीस. बोरघाटाच्या एकास सदतीसपेक्षा कडक! म्हणजे "आमच्याकडे घाट आहे हो" ही सबब चढापुरती आता चालत नाही. गाडीच्या अंगाखाली जागोजागी मोटारी असल्या की ती चढते. मात्र वळण तिला चालत नाही, त्यासाठी बोगदेच लागतात, आणि बोगद्याला पैसे लागतात. शिवाय इतक्या कडक चढावर मालगाडी जात नाही, तो मार्ग फक्त प्रवाशांचा.

वेळ निम्म्यावर आला. पण का आला, ते नीट बघा. ती गाडी कोलोनच्या भर शहरातल्या मुख्य स्टेशनात जाते, जुन्या रुळांवरून, हळू. आणि दुसऱ्या टोकाला फ्रँकफर्टच्या विमानतळावर थांबते. शेवटचे काही किलोमीटर त्यांनी वेग सोडला, स्टेशन सोडलं नाही.

आता तुम्ही वही-पेन घ्या. बाबांसारखा हिशोब करू. समजा मुंबई–पुणे नवा मार्ग दीडशे किलोमीटरचा. ताशी १६० नं सलग गेलो तर छप्पन्न मिनिटं. ताशी ३२० नं अठ्ठावीस. वेग दुप्पट, खर्च बराच जास्त, वाचली अठ्ठावीस मिनिटं. तीही कागदावर, कारण ३२० चा वेग धरायला आणि सोडायला गाडीला बरेच किलोमीटर लागतात. आणि मधे स्टेशनं येणारच. ठाणे म्हणेल आम्हाला हवं, नवी मुंबई म्हणेल, लोणावळा म्हणेल, पिंपरी-चिंचवड तर म्हणेलच. जर्मनीतही हेच झालं. माँटाबावर नावाचं बारा-तेरा हजार वस्तीचं गाव, त्याला एक स्टेशन मिळालं, आणि वीसेक किलोमीटरवर शेजारच्या राज्याच्या हद्दीत लगेच दुसरं.

थांब्यांची किंमत किती असते? मुंबई–अहमदाबादचे अधिकृत आकडेच घ्या. ५०८ किलोमीटर, बारा स्टेशनं. मोजके थांबे घेणारी गाडी दोन तास सात मिनिटं घेणार, सगळे थांबे घेणारी दोन तास अठ्ठावन्न. म्हणजे तीच गाडी, तेच रूळ, तोच ३२० चा वेग, आणि सगळीकडे थांबली की सरासरी पडते ताशी सुमारे १७१. शेजारच्या शहरांमध्ये थांबे जवळजवळ, म्हणून हा फटका जास्त.

याच्या शेजारी दिल्ली–मेरठ ठेवा. दिल्लीची मंडळी ऐकत असतील तर त्यांना ठाऊक आहे. ब्याऐंशी किलोमीटरचा नमो भारत मार्ग, पहिला टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये साहिबाबाद ते दुहाई सुरू झाला. कमाल वेग १६०. कुणी त्याला बुलेट म्हणत नाही. पण गाड्या लागोपाठ, आणि आनंद विहारसारखी स्टेशनं मेट्रो, बस, रेल्वे यांना चिकटून. आरक्षण नाही, गेल्यावर बसायचं. शेजारच्या शहराला जाताना माणूस आठ दिवस आधी ठरवत नाही. तो चहा पिऊन निघतो.

आता माझी भाची. वाकडला राहते, ऑफिस अंधेरीला, आठवड्यातून दोन दिवस जावं लागतं. तिला मी विचारलं, पाऊण तासाची गाडी आली तर जाशील? तिनं विचारलं, "कुठून सुटणार, मामा?" बघा, तिला वेग विचारावासा वाटला नाही. पुणे स्टेशन तिच्या घरापासून गर्दीच्या वेळी तासाभरावर आहे, द्रुतगती महामार्ग दारातून सुरू होतो. तिची कॅब तीनेक तासांत अंधेरीला जाते, त्यातला सव्वा तास महामार्गावर आणि जवळजवळ तेवढाच कळंबोलीपासून पुढे मुंबईच्या गर्दीत. गाडी धरली तर स्टेशनापर्यंत एक तास, सामान तपासणी आणि वाट पाहणं वीस मिनिटं, गाडी पंचेचाळीस, पुढे अंधेरी चाळीस. झाले पावणेतीन तास. सत्तर-ऐंशी हजार कोटी खर्चून तिची पंधरा मिनिटं वाचली. तीच गाडी तासाभराची असू दे, पण स्टेशन तिच्या घरापासून वीस मिनिटांवर आणा, आणि बघा काय होतं.

बाबांची सतरा वर्षं का चालली याचं उत्तर मला इथे मिळालं. त्यांचं ऑफिस व्हीटीपासून दहा-पंधरा मिनिटं चालत. त्या काळात मुंबईची कचेरी म्हणजे फोर्ट, आणि फोर्ट म्हणजे व्हीटीचं अंगण. डेक्कन क्वीन थेट ऑफिसच्या दारात सोडायची. आज ती कचेरी बीकेसीत, अंधेरीत, ऐरोलीत विखुरली आहे आणि पुण्याची हिंजवडीत, खराडीत. गाडी तीच आहे, तिच्या दोन्ही टोकांखालून शहर सरकलं.

मग माझं मत काय? मुंबई–पुणे नवा रेल्वेमार्ग हवा, असं मला वाटतं. ३२० साठी मी अडून बसणार नाही. घाटाखालून सरळ बोगदा, ताशी दोनशे-अडीचशेची गाडी, दर दहा-पंधरा मिनिटांनी, आणि दोन्हीकडे मेट्रोच्या जिन्याशी येणारं स्टेशन. त्यातून जुने रूळ मोकळे होतील तो फायदा वेगळा. कोल्हापूर, सोलापूर, हैदराबादच्या गाड्यांना आज घाटात जागा मिळत नाही. मुंबई–पुणे–हैदराबाद असा ७११ किलोमीटरचा बुलेट मार्ग २०२० पासून अभ्यासाच्या यादीत आहे. हैदराबादपर्यंत जायचं तर ३२० ला अर्थ येतो, हे मान्य. पण मग पुण्याचं स्टेशन कुठे, हा प्रश्न पहिल्या पानावर यायला हवा, परिशिष्टात नको.

आणि एक तक्रार, थेट विषयातली. पुणे आणि नाशिक ही दोन शहरं बघा. दोनेकशे किलोमीटरवर, आणि दोघांमध्ये थेट रेल्वे नाहीच. २३५ किलोमीटरचा, ताशी दोनशेचा मार्ग आखला, गावोगाव जमिनीची मोजणी झाली, आणि मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीला त्रास होईल म्हणून आखणी अडली. दुर्बिणीची बाजू खरी आहे, ती तिथे नव्वदच्या दशकापासून आहे, लपून बसलेली नव्हती. मोजणीच्या आधी नकाशात कुणाला दिसली नाही? मधल्या काळात ज्या शेतकऱ्यानं विहीर खणायची थांबवली, त्याचा हिशोब कुठल्या प्रकल्प अहवालात येणार?

आता वडोद्याचे ते श्रोते. दादा, तुम्ही ऐकत असाल तर सांगतो, तुमची जोडी आमच्यापेक्षा नशीबवान आहे. घाट नाही. वडोद्याचं नवीन स्टेशन तुमच्या जुन्या स्टेशनाला लागूनच होतंय, आणि अहमदाबादचं कालुपूरच्या जुन्या फलाटांच्या वर. सुरतवाल्यांना तेवढं सुख नाही, त्यांचं अंत्रोलीला, शहराबाहेर. माँटाबावरमध्ये आज अनेक कुटुंबं तशीच राहतात, घर इकडे आणि नोकरी फ्रँकफर्टला नाहीतर कोलोनला, सकाळी गाडी, संध्याकाळी गाडी. तुमच्या मुलाचंही तसं होऊ शकेल. फक्त त्याला दोन गोष्टी बघायला सांगा. अहमदाबादला त्याचं ऑफिस कालुपूरपासून किती लांब आहे, आणि महिन्याचा पास मिळणार आहे की रोज तिकीट काढायचं. आमच्या बाबांची सतरा वर्षं पासावर निघाली, रोजच्या तिकिटावर सतरा महिनेही निघाली नसती.

तुमच्याच मुलखातली एक गोष्ट पुढच्या भागासाठी राखून ठेवतो. इकडे बोरघाटात बेचाळीस हजार माणसं डोंगर फोडत होती, त्याच सुमारास, १८६२ मध्ये, खंडेराव गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी नॅरो गेज रेल्वे सुरू केली. आपल्या देशातली पहिली नॅरो गेज. रूळ होते, डबे होते, आणि ओढायला बैल! ती का चालली आणि पुढे इंजिन कसं आलं, ते पुढच्या वेळी. डभोईचे कुणी श्रोते असतील आणि घरात जुने फोटो असतील तर पाठवा.